आठव्या थेंबाला

— अहो, मी विचारतोय काय आणि तुम्ही सांगताय काय! फोनवर आकडा येतो, फोनवर आकडा येतो — आल्यापासून एकच पालुपद. येऊ दे की. माझ्या फोनवर काय कमी येतं? सकाळी उठल्यापासून फुलं येतात, सुविचार येतात, त्यात तुमचा आकडा. मी साधा प्रश्न विचारला. हे तुमचं यंत्र — यंत्रच ना? मला आधी जेवणाचा डबा वाटला — हे टाकीतलं पाणी आपण होऊन ओढणार, आपण होऊन त्यात औषध मिसळणार, आपण होऊन आकडा सांगणार. बरं. मग मी काय करायचं? समोर बसून जांभया द्यायच्या? — वेळ वाचतो म्हणे! वाचलेल्या वेळाचं काय लोणचं घालायचंय? रिटायर माणूस मी. माझ्याकडे वेळ सोडून दुसरं आहे काय? बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो. इथे. आणि ती बॅग खाली ठेवा हो, छातीशी धरून बसलात की वाटतं आमच्याच घरातून काहीतरी उचलून निघालाय.

हं. आता टाकीकडे बघा. नीट बघा, विकायला आलेल्या माणसासारखं नका बघू. मासे शोधू नका, मासे दोनच आहेत आणि ते भाडेकरू. मालक ती पोवळी. पोवळं म्हणजे काय माहीत आहे का? — दगड! वा! समुद्री टाकीचं यंत्र विकता आणि पोवळ्याला दगड म्हणता! अहो, प्राणी आहे तो. इवलासा, जिवंत, माझ्यापेक्षा जास्त कामसू. पाण्यातला चुना आणि क्षार ओढून स्वतःचं घर स्वतः बांधतो. क्षार कमी पडला की बांधकाम बंद, मग रंग उतरतो, मग संपलं. म्हणून पाणी तपासायचं — हौस म्हणून नाही, आणि तुमच्या त्या पत्रकात एक बाई टाकीसमोर दात काढून हसतेय ना, तशी शोभा म्हणूनही नाही. रोज सकाळी चहा झाला की क्षार तपासायचा, किती आहे ते बघून पावडर घालायची. कुपीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. जेवढे थेंब तेवढा आकडा. झालं. ह्याला यंत्र कशाला लागतं? ह्याला शिस्त लागते. आमचा आकडा आठ. गेल्या पावसाळ्यापासून आठ. काल आठ, परवा आठ, आज सकाळी आठ. दाखवा मला तुमचं कुठलं गिऱ्हाईक, ज्याचं पाणी इतकं एका जागी उभं आहे! — हसायला काय झालं? — इतकं स्थिर कधी राहत नाही? तुमच्याकडे राहत नसेल. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय, तुमच्यासारखं सकाळी पत्रक पाठ करून दुपारी दारोदार नाही फिरलो.

मी एकटा नाही करत, दोघं करतो. मी थेंब टाकतो आणि मोठ्याने मोजतो, बायको शेजारी उभी राहून रंग सांगते. कामाची वाटणी. — मीच का नाही बघत? कारण माझं लक्ष थेंबावर असतं. एक थेंब इकडचा तिकडे झाला की सगळं मुसळ केरात. मी कुपीकडे बघतच नाही, सवयच नाही मला. हात माझा, डोळा तिचा. — नाही, तसं काही कारण नाही. तुम्ही यंत्र विकायला आलात की माझी उलटतपासणी घ्यायला? — कुठलं? कोपऱ्यातलं? त्याला काय झालंय? फिकं वाटतंय? अहो, नवा दिवा बसवलाय वर, त्याचा उजेड तसा पडतो. त्याच्या शेजारी ते लाल बघा, किती — काय? — हिरवं? — बरं, हिरवं. लाल काय, हिरवं काय, तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय?

— असं टक लावून बघू नका माझ्याकडे. होय. नाही दिसत. लाल-हिरवं नाही दिसत मला, गुलाबीही नाही, जन्मापासून. झालं समाधान? सांगा जाऊन तुमच्या ऑफिसात, एक म्हातारा भेटला, हिरव्या पोवळ्याला लाल म्हणतो. पण ह्याच डोळ्यांनी मी अख्खी हयात लॅबमध्ये काढली, हेही सांगा. प्रयोगाचा सगळा जीव त्या रंगात — एका थेंबाने कुपी गुलाबी झाली की थांबायचं, पुढे गेलात की प्रयोग फुकट. आणि शिकवणारा मी! कुणाला कळलं? कुणाच्या बापाला कळलं नाही. एकीला कळलं. ती लॅब असिस्टंट होती तिथे, नवी लागली होती. मी मुलांना करून दाखवत होतो, रंग येऊन गेला होता आणि मी आपला टाकतोय थेंब, टाकतोय थेंब. मागून खोकली. मी थांबलो. दुसऱ्या दिवशी बरोबर रंगाला खोकली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोकल्याची वाट बघायला लागलो. एक अक्षर बोलली नाही हो, नुसती खोकायची. आमचे प्राचार्य म्हणजे ठोंब्या माणूस, त्यांनी तिला छातीचा फोटो काढायला पाठवलं — क्षय असेल म्हणाले, मुलांना लागेल म्हणाले! ती गेली, फोटो काढून आली, फुप्फुसं ठणठणीत, आणि पुन्हा येऊन खोकायला लागली. आता अशा बाईशी लग्न नाही करायचं तर कुणाशी करायचं? तुमच्यात असं कुणी आहे का, जे दुसऱ्याची अब्रू झाकायला स्वतःची छाती तपासून घेईल?

तर रंग सांगायला माझ्याकडे माणूस आहे. तेव्हापासून आहे. मला डबा नको. हे डोकं आमच्या जावयाचं, मला पक्कं ठाऊक आहे. त्याला घरातली प्रत्येक वस्तू फोनला जोडायची असते. दिवा फोनवर, पंखा फोनवर, उद्या सासऱ्याला फोनवरून चालू-बंद करेल. त्यानेच पाठवलं ना तुम्हाला? — मग कुणी? — कुठल्या बाई? — आमच्या? आमच्या हिने फोन केला? काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. बघा, बघा, नंबर बघा नीट. — हं. हा आमच्या घरातलाच नंबर. ती म्हणाली, मशीन घेऊन या? — आणि फोन मी केला हे ह्यांना सांगू नका, म्हणाली? मग सांगितलंत कशाला, शहाणे! ग्राहकाची गुप्तता का काय ते छापलंय की तुमच्या पत्रकावर मागच्या बाजूला.

— थांबा, विचार करतोय. कंटाळली असेल. सरळ आहे. रोज उठून माझ्या शेजारी उभं राहायचं, मी ओरडणार — बघ नीट, लवकर सांग, उशिरा सांगितलंस — ओरडतो मी, शिक्षकाला ओरडायची सवय असते. कंटाळा येणारच. पण मग तोंडाने सांगावं की! म्हणावं, मला नाही उभं राहायचं आता तुमच्या शेजारी. असा परका माणूस घरात घालायचा आणि त्याने आपल्या बॅगेतला एक डबा काढून म्हणायचं, हे घ्या साहेब, ह्याच्याशी संसार करा. — तुमच्यावर कशाला चिडू? तुम्ही चिडण्याच्या लायकीचेही नाही आहात. तुम्ही नळी लावा. हो, लावा, लावा तुमची नळी पाण्यात, होऊनच जाऊ दे. तुमचा डबा काय म्हणतो आणि आमची माणसं काय म्हणतात, समोरासमोर बघू. फार आत नका घालू, त्या खडकाच्या मागे एक खेकडा बसतो. — हा डबा गुरगुरतोय काय एवढा? पोटात दुखतंय का त्याच्या?

अगं ए! जरा बाहेर येतेस का? पाणी बघायचंय. — सकाळी झालं ते झालं, आता परत. पाहुण्यांना दाखवायचंय. ये. — येतेय. तोवर मी मांडतो. हे बघा, ही कुपी. ही पिचकारी, पाणी मोजून घ्यायला. हे घेतलं पाणी. आता ह्यात ह्या छोट्या बाटलीतले थेंब टाकायचे, मग पाणी हिरवं होतं. मला विचारू नका हिरवं म्हणजे कसं, पण होतं. त्याच्याशिवाय ह्यात रंगच नाही, नुसतं पाणी ते पाणीच राहील, मग कितीही मोजा. ते हिरवं झालं की ह्या मोठ्या बाटलीतला एकेक थेंब. हिरव्याचं गुलाबी झालं की थांबा. पोरांचं पहिल्या वर्षाचं काम. — हां, छोटी बाटली सकाळीच संपली, ही नवी काढतो — आता हे काय? वाजला का तुमचा डबा? शिट्टीही मारतो? द्या, बघू द्या. — किती?

साडेपाच? साडेपाच! अहो, शुद्धीवर आहे का तुमचं यंत्र? साडेपाच असेल तर ही टाकी म्हणजे स्मशान हवं आत्तापर्यंत! पावडर कोण खातं मग, तो खेकडा? आठाला साडेपाच म्हणणारं यंत्र तुम्ही लोकांच्या घरी बसवता? आणि लोक घेतात? — तपासून आणलंय? कुणी तपासलं, तुमच्या मालकाने? त्याला पोवळं म्हणजे दगड आहे की प्राणी हे तरी — आलीस? ये. इथे उभी राहा, नेहमीसारखी. हे कोण विचारू नकोस, तुला माहीत आहे हे कोण. ते मागाहून बघू आपण. त्यांचा डबा म्हणतो साडेपाच. ऐकलंस ना, साडेपाच! आता त्यांना आपला आकडा दाखव. बघा हो तुम्ही, पुढे या, डोळे उघडे ठेवा, फुकट शिकवणी आहे. चल. एक. — दोन. — तीन. — हात बघा माझा, हलतोय का? — चार. — पाच. — हा तुमचा पाच. रंग? नाही ना? नाही म्हणते. — सहा. — सात. — आठ.

आला? — आला! गुलाबी? — लख्ख गुलाबी! ऐकलंत? आठव्या थेंबाला, लख्ख गुलाबी. जा गं तू, झालं तुझं काम, दूध उतू जाईल. जा. — सावकाश, ती खुर्ची आहे मध्ये.

बघितलंत? आता बोला. आता का दातखिळी बसली? मघापासून तोंडाचा पट्टा चालू होता, फोनवर आकडा, फोनवर आकडा. हा आकडा. माणसाने काढलेला. गुंडाळा ती नळी आणि ती पत्रकंही घेऊन जा, माझ्या घरात रद्दी पुष्कळ आहे. मालकाला सांगा, एक घर असं आहे जिथे तुमच्या — काय खुणावताय? — कसली बाटली? ती छोटी? हो, तिचंच झाकण लावायचं राहिलं, थांबा —

थांबा. बोलू नका. जरा वेळ एक शब्द बोलू नका.

हे सील कसं काय आहे अजून? मी फोडलं नाही का? मी ही बाटली काढली, तुमचा डबा वाजला, मी तिकडे वळलो आणि — म्हणजे ह्यातला थेंब पडलाच नाही कुपीत. आणा बघू ती कुपी. धरा उजेडात. पाणी. नुसतं पाणी आहे हो हे, माझ्या डोळ्यांनासुद्धा दिसतंय. हिरवं झालंच नाही, तर गुलाबी कुठून होईल? ह्याला ती लख्ख गुलाबी म्हणाली. — तुम्ही बघितलंत. मान खाली घालू नका, तुम्ही बघितलंत, ती उभी होती तेव्हाच बघितलंत. मग बोलला का नाहीत? इतका वेळ वटवट केलीत आणि नेमकं तेव्हा तोंड शिवलंत! — तिच्यासमोर कसं बोलणार? — हं. बरं केलंत. एवढी एक अक्कल आहे म्हणायची तुम्हाला.

आठव्या थेंबाला. रोज आठव्या थेंबाला. मी मोठ्याने मोजतो आणि ती — ती रंग बघतच नाहीये, ती माझी मोजणी ऐकतेय. आठ ऐकलं की आला म्हणते. आणि मी छाती काढून सांगतोय, पाणी बघा कसं एका जागी उभं आहे! गाढवा, अरे पाणी नाही, ती उभी आहे एका जागी. — तुम्हाला नाही म्हणालो गाढव. — पेपर वाचायचं सोडलंय तिने. मी विचारलं तर म्हणाली, बातम्यांत काही राम नाही उरला, तुम्हीच वाचा मोठ्याने. मी वाचतो. मला बरं वाटायचं, म्हटलं ऐकतेय कुणीतरी. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते. जिना उतरताना माझा दंड धरते. मी म्हटलं, म्हातारपणी प्रेम आलंय उतू! एवढा शिकलेला मी, आणि मला हे दिसू नये? मला लाल-हिरवं दिसत नाही, ठीक आहे. पण ही तर माझी बायको आहे हो, हिला बघायला कुठला रंग लागतो?

आणि म्हणून फोन केला तुम्हाला. कंटाळा नाही आला तिला. तिला मला सांगता येईना, मी ओरडेन म्हणून, आणि तिकडे पोवळी मरायला लागली असणार हे तिला कळत होतं — लॅबमध्ये होती ती, तिला आकडा स्थिर राहत नाही हे माहीत नाही का? रोज आठ म्हणताना तिचं काय होत असेल? म्हणून मग परक्या माणसाला बोलावलं. फोन मी केला हे ह्यांना सांगू नका, म्हणाली. आणि मी काय समजलो? जाऊ दे. मी काय समजलो ते तुम्ही ऐकलंयत.

— काय म्हणालात? मशीन बसवून टाकू? वा! गिऱ्हाईक पडलेलं दिसलं की लगेच झडप. ह्यालाच म्हणतात धंदा. नाही बसवायचं. आज नाही. मी तिच्या पाठीमागे हा डबा इथे लावला तर ती काय समजेल? जा बाई आत, तुझी जागा आता हा घेणार. हे काय बक्षीस झालं तिला, जन्मभर माझे डोळे होऊन राहिली त्याचं? आधी माणूस, मग पाणी. पोवळ्यांना आज मी पावडर घालतो थोडी थोडी, तुमचा साडेपाच खरा धरून. बघा, केवढा मान दिला तुमच्या डबड्याला! जी मरायची ती मरतील. पण हिचे डोळे आधी दाखवायचे. आणि ते कसे दाखवायचे? चल म्हटलं तर ती येणार नाही, मला काय धाड भरलीय म्हणेल, चष्मा पुसेल आणि स्वयंपाकघरात जाईल. माझंच काहीतरी कारण काढावं लागणार.

माझं! मी आजवर डोळ्यांच्या डॉक्टरची पायरी चढलेलो नाही. चष्मासुद्धा दुकानात उभ्या उभ्या घालून बघून घेतला. का? ते लोक पहिलं काय करतात, तर ठिपक्यांचं पुस्तक समोर धरतात. ह्यात आकडा कुठला ते सांगा. मला ठिपके दिसतात, आकडा नाही दिसत. एवढं आयुष्य काढलं त्या पुस्तकापासून पळत, आणि आता म्हातारपणी, बाहेर लोक बसलेले, आत कुणी पोरसवदा डॉक्टर विचारणार, आजोबा, कितीचा आकडा? आणि मी म्हणणार, दिसत नाही. तुमच्यासारख्या चार जणांसमोर म्हणणार. — नका हो धीर देऊ. तुमच्याकडून धीर घ्यायची वेळ आली म्हणजे झालंच माझं.

अगं ए! ऐकलंस का? — नाही, पाण्याचं नाही, पाणी ठीक आहे. मी म्हटलं, उद्या जरा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यावं. — माझे. माझे डोळे, दुसऱ्या कुणाचे? — आहे की तक्रार. मला रंग दिसत नाहीत. — आजच नाही कळलं गं, तुला माहीत आहे, पण त्यांना कुठे माहीत आहे? एकदा दाखवू. तू चल बरोबर. तिथे ते आकडे विचारतात, मला भीती वाटते एकट्याला. — हो, भीती. आता मोठ्याने वदवून घे चारचौघांत. — काय? — जरा जोरात बोल, पंपाचा आवाज आहे. — काय म्हणालीस? — दोघांचे?

…

हं. दोघांचे दाखवू.

तुम्ही अजून इथेच? उठा हो. उचला तुमचं सामान आणि निघा. — नाही, काही बोलू नका. जा. जाताना दार ओढून घ्या.